मॉनिटरचं बाळंतपण

माणसाच्या धंद्यावर त्याच्या स्वतःच्या आईनेच पाणी फिरवावं, हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं. तो माणूस म्हणजे कोन गावचा केसरीनाथ. भिवंडीतले बाकीचे मेकॅनिक लूमच्या मोटारी नाहीतर मिक्सर दुरुस्त करत होते, तेव्हा हा गडी कॉम्प्युटरचे सपाट मॉनिटर उघडायला शिकला. हात सोन्यासारखा, पण तोंड अगदीच कुचकामी. खोटं बोलायला गेला की कान लाल व्हायचे, आणि खरं बोलायला गेला की समोरचा कंटाळायचा.

२००७ साली मी भिवंडीजवळच्या पूर्ण्याला लडकूशेठच्या गोडाऊनमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. शेतं गेली, गोडाऊनं आली, आणि शेठच्या हाफिसात एक सपाट मॉनिटर आला. त्या डिसेंबरात तो रुसला. बटण दाबलं की हिरवा दिवा नुसता लुकलुकायचा, पडदा काळा तो काळाच. मी नवा आणा म्हटलं. शेठ म्हणाले, "बायको आजारी पडली म्हून आपन नवी आनतो काय?" हे त्यांनी शेठाणीसमोरच विचारल्यामुळे विषय तिथेच संपला, आणि केसरीनाथला बोलावणं गेलं.

तो आला तेव्हा जीपमध्ये त्याची आई होती, धोंडूबाई. तिला गणेशपुरीला गरम कुंडावर न्यायचं होतं, गुडघ्यांसाठी. केसरीनाथने मॉनिटरला कान लावला, दोनदा बटण दाबलं आणि निकाल दिला, "सप्लायमधले कंडेन्सर फुगलेत. सामान घेऊन येतो." आईला माझ्यासमोर खुर्चीत बसवून तो भिवंडीत गेला.

आता या धोंडूबाईबद्दल सांगायला हवं. पंचक्रोशीतली ती नावाजलेली सुईण. अर्धा कोन तिच्या हातावर जन्मला. बाळ-बाळंतिणीला शेक द्यावा तर तिनेच. पण आता पोटात जरा दुखलं की लोक दवाखान्याची गाडी बोलवत. चार वर्षांत तिला कोणी हाक मारली नव्हती. चांगली धट्टीकट्टी बाई, पण घरात आलेल्या पाहुण्यासारखी वावरायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी काळ्या पडद्याकडे बघत होतो.

थोड्या वेळाने ती उठली आणि मॉनिटरच्या पाठीवरून हात फिरवला.

"कवढी थंड पडलीय ही! हिला शेक दिलाव का न्हाय कुनी?"

मी हसलो. ती हसली नाही. बाहेर वॉचमनने पुठ्ठे-लाकडं पेटवली होती. तिने निखारे एका घमेल्यात आणवले, माझा मफलर मागितला, घडी करून तापवला आणि मॉनिटरच्या पाठीला, कुशीला, खाली बुडाशी शेकत बसली. वर चिमूटभर ओवा निखाऱ्यावर टाकला. हाफिसात धूर झाला. मी खोकत असतानाच टिंग असा आवाज आला आणि पडद्यावर चक्क माझी कालची फाइल उभी राहिली.

लडकूशेठ खुर्चीतून उठले आणि धोंडूबाईच्या पाया पडले.

केसरीनाथ कंडेन्सर घेऊन परतला तेव्हा त्याची आई बशीने चहा पीत होती. त्याने घसा सुकेपर्यंत समजावलं. कंडेन्सर खराब असला की थंडीत काम करत नाही, गरम झाला की थोडा वेळ करतो, पण तापवून तापवून तो आणखीच मरणार. शेठ म्हणाले, "तुजा धंदा हाय, तू तसाच बोलनार." केसरीनाथने आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "ओली बालंतीन हाय. सवा महिना तिला उघडाची न्हाय, हलवाची न्हाय. मंग आपल्या पायावर उठंल." आणि हे बोलताना बाईचा चेहरा असा काही उजळला होता, की पोराने हातातली कंडेन्सरची पुडी खिशात घातली.

तिथून आमच्या हाफिसात जे चाललं ते कुठल्याही गोडाऊनच्या नशिबी येऊ नये. रोज सकाळी शेठची जीप धोंडूबाईला आणायला कोनला जायची. एसी बंद, कारण बाळंतिणीला वारा लागतो. मॉनिटरच्या कानांवरून फडकं बांधलेलं. दृष्ट लागू नये म्हणून पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात काजळाचा ठिपका, नेमका फाइल बंद करायच्या फुलीवर. मला फुली दिसेना, म्हणून मी फायली बंद करणंच सोडलं. बाहेर ट्रकांची रांग लागायची आणि यूपीचे ड्रायव्हर खिडकीतून विचारायचे, "ऑपरेटर साब, जच्चा उठी क्या?" म्हणजे बाळंतीण उठली का.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या गोडाऊनवाल्यांनी आपले धडधाकट मॉनिटरसुद्धा धोंडूबाईला दाखवून घेतले. एकाला तिने पित्त सांगितलं, एकाला नजर. केसरीनाथच्या दुकानात मात्र माशा. लोक म्हणत, आई असताना पोराकडे कशाला जायचं? पण मला त्याच्यात दुस्वास कुठे दिसला नाही. तो म्हणायचा, "आये आता दोन भाकरी खाते. राती घोरते. मी पन घोरलो असतो, पन भ्या वाटतं."

भीती खरी होती. पहिल्या आठवड्यात चहा होईपर्यंत पडदा उजळायचा. महिना होत आला तसा जेवणवेळ झाली तरी दिवा लुकलुकतोच आहे असं व्हायला लागलं. धोंडूबाईने शेक वाढवला, ओवा वाढवला. तिचे हात भाजले. आणि इकडे शेठनी सवा महिन्याचा थाटच मांडला. मांडव, जेवण, अख्ख्या पूर्ण्याला आमंत्रण. त्या दिवशी शेक न देता धोंडूबाई बटण दाबणार, बाळंतीण उठणार आणि मग तिला गावदेवीच्या पाया पाडायला नेणार. मॉनिटरला!

केसरीनाथ माझ्याकडे आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "सगल्या गावासमोर दिवा लुकलुकत ऱ्हायला, तं आये परत कोपऱ्यात जाऊन बसंल. या टायमाला आये न्हाय उठनार. मना अर्धा तास पायजे, एकट्याला."

एकटा! त्या मॉनिटरभोवती दिवसभर माणसं बसलेली. पण देवाच्या मनात आलं. कार्यक्रमाच्या आदल्याच दुपारी शेठच्या पुतणीची हळद निघाली; लग्न कार्यक्रमानंतरच्या दिवशी होतं. आमच्याकडे हळद म्हटल्यावर गावात कुत्रंसुद्धा घरी राहत नाही. गोडाऊन रिकामं झालं. धोंडूबाईलाही मानाने नेलं. मी आतून कडी लावली.

केसरीनाथने फडकं सोडलं, मागचं झाकण काढलं. आत ओव्याची काजळी. तीन कंडेन्सर डोकी फुगवून उभे, एकाच्या डोक्यातून तपकिरी चिकट रस आलेला. त्याने डाग द्यायची सोल्डरिंगची सळई तापवली आणि तेवढ्यात हळदीचा डीजे सुरू झाला. टेबल हादरायला लागलं, खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. केसरीनाथचा हात दर ठोक्याला उडायचा. शेवटी मी टेबलावर पालथा पडून मॉनिटर छातीशी दाबून धरला, आणि तो दोन ठोक्यांच्या मध्ये एकेक टाका घालत गेला. एक ठोका चुकला आणि सळई त्याच्या बोटाला लागली. शिवी त्याने गिळली. झाकण लावलं, बटण दाबलं. थंडगार मॉनिटर डोळ्याची पापणी लवायच्या आत उजळला. काजळाचा ठिपका मात्र त्याने पुसू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मांडवात उभं राहायला जागा नव्हती. धोंडूबाई नवं लुगडं नेसून आली. बटणाकडे हात नेला आणि एकदा मागे घेऊन पदराला पुसला. म्हणजे तिलाही भीती होती तर! तिने बटण दाबलं. पडदा लख्ख. फटाके वाजले, बायकांनी तिला ओवाळलं, आणि शेठ मॉनिटर डोक्यावर घेऊन गावदेवीकडे निघाले. वायर मागे मी धरली होती.

संध्याकाळी जीप त्या दोघांना कोनला सोडायला निघाली. मी कल्याणचा, कोनवरूनच पुढे जायचं, म्हणून मीही बसलो. केसरीनाथ मांडीखाली हात लपवून बसला होता. कान लालभडक. कोणी काही विचारलं नव्हतं तरी.

धोंडूबाईने त्याचा हात ओढून काढला. बोटावरचा फोड पाहिला, फुंकर घातली.

"दुखतं?"

"न्हाय."

"खोटा बोलू नको, तुला जमत न्हाय." मग माझ्याकडे न बघता, खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "बाई आडली का मी सगल्यांना भायेर काढायची, न मागल्या दारानं डाक्टरीनबाय आत घ्यायची. पोर झाला का ती मागल्या मागं जायची, मी पुढल्या दारानं भायेर यायची. गाव माज्या पाया पडायचा. पंचवीस वर्सं. बाई जगली, पोर जगला, नाव कुनाचं का होयना!"

केसरीनाथ आईकडे वळून बसला.

"कालपासना वाट बघत व्हते, तू येतोस का न्हाय," ती म्हणाली. "लय भ्यायले मी, केसरी."

तो आईच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. तिने रडू दिलं. मग पदराने त्याचं नाक पुसून ती कामाचं बोलायला लागली.

"अंजूरफाट्याला उद्या एक बघाची हाय. तुजा सामान आनून बसवाला तुला किती दिस लागतान?"

"दोन दिस, आये."

"दोन दिसात कोन इस्वास ठेवंल?" धोंडूबाई म्हणाली. "मी बारा दिस बोलते."