किशनरावांचा बंगला आणि लाल केळ

हिंगोली जिल्हा झाला त्या साली किशनरावांनी आपल्या गेटवर 'बंगला' असं रंगवून घेतलं. गेटामागं दोन खोल्या, वर स्लॅब आणि स्लॅबवर जायला लोखंडी जिना. पण कॉलनी हट्टी. दूधवाला 'किशनरावचं घर' म्हणायचा, पोस्टमन तेच म्हणायचा, आणि खुद्द त्यांच्या पत्नी मालनबाई 'आमचं खोपट' म्हणायच्या.

किशनराव कारकून. नव्या जिल्ह्याबरोबर नवे साहेब आले. त्यांच्या बंगल्यावर टपाल द्यायला किशनराव गेले आणि पायरीजवळची केळ पाहून थबकले. हिरव्या पानावर गडद लाल शिंतोडे, आणि पान उलटलं की थेट चोळीचा डाळिंबी खण. घराचा बंगला कशानं होतो ते त्यांना तिथं कळलं. आजवर वाटत होतं, प्लास्टरनं होतो.

माळ्याला भजी खाऊ घालून त्यांनी केळीचं एक पिल्लू मिळवलं आणि ओल्या पोत्यात गुंडाळून सायकलवरून घरी आणलं. उन्हाळ्यात मालनबाईंचं जुनं लुगडं केळीवर सावलीला गेलं. नळाला पाणी चौथ्या दिवशी, म्हणून लेकरांनी केळीच्या आळ्यात उभं राहूनच आंघोळ करायची असा हुकूम निघाला. लेकरं काळवंडली, केळ मात्र तरारली. दीड-दोन वर्षांत गेटजवळ लाल पानांची दाटी झाली.

शेजारचे प्रेमदास एसटीत कंडक्टर. ते रोज कुंपणावरून विचारत, "किशनराव, घड कवा पडायचा?"

"ही शोभेची हाय."

"म्हंजे खायची न्हाई?"

"न्हाई."

"मंग पाणी काहून पाजून राहिले? एखादी शोभेची म्हैस बी बांधा की!"

असल्या लोकांवर इलाज एकच होता. साहेबांनी घरी यावं आणि चार माणसांत एकदा 'बंगला' म्हणावं. मग दूधवाल्याच्या बापालाही म्हणावं लागेल. किशनरावांनी धीर करून सांगितलं, "साहेब, तुमच्या केळीची लेक आमच्याकडं नांदते." साहेब सह्या करत म्हणाले, "अरे वा, येऊ कधीतरी." रविवारी साहेब नरसीला जाणार, गाडी आपल्याच रस्त्यानं जाणार, हे ड्रायव्हरकडून कळल्यावर किशनरावांनी त्या 'कधीतरी'चा रविवार करून घेतला. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं.

शनिवारी मालनबाईंचा धाकटा भाऊ लिंबाजी हट्टा गावाहून मुक्कामाला आला. त्याचा तिकडं केळीचा मळा. केळीचा रोग ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, असं तो स्वतःच सांगायचा. रविवारी सकाळी किशनराव पेढे आणायला गेले. परत आले तर अंगणात धूर. लाल पान एकही नाही. नुसते बुंधे, त्यांना चुना फासलेला, आणि हातात विळा घेऊन हसरा लिंबाजी.

"दाजी, बरं झालं मी आलो. पान न् पान करप्यानं खाल्लं होतं! समदं जाळलं. पिल्लंबी काढली, येकच ठिवलं."

"आरं, तिचं पान तसंच असतं!"

"करपा धरल्यावर तसंच असतं, दाजी."

आतून मालनबाई म्हणाल्या, "मी म्हणलं त्याला, दाजीला इचार. तर म्हणतो, दुखण्यात इचारत बसू न्हाई."

तेवढ्यात जीप थांबली. कॉलनी कुंपणाला आली. साहेबांनी बुंधे पाहिले. "केळ कुठंय?"

लिंबाजीच पुढं झाला. "करपा होता साहेब. लाल डाग. पिल्लू तुमच्याकडचं म्हंत्यात, म्हंजे रोग तिकडूनच आला."

साहेब गंभीर झाले. "डाग तर आमच्याकडेही आहेत. जिल्हा व्हायच्या आधीच्या साहेबांनी लावलेली आहे ती. माळी म्हणतो, असंच असतं."

"माळी लपवून राहिला, साहेब."

साहेब वळले. "काय किशनराव, बरोबर आहे का?"

एवढी एकच संधी होती. किशनरावांनी केळीच्या राखेकडं पाहिलं, साहेबांच्या कपाळावरच्या आठीकडं पाहिलं, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीनं घडवलेलं तोंड आपोआप उघडलं. "बराबर, साहेब."

"मग नरसी राहू द्या. चला, आधी माझ्या बंगल्यावर!"

चार माणसांत साहेबांच्या तोंडून 'बंगला' निघाला खरा. लिंबाजी विळ्यासकट जीपमध्ये बसला. चहाचा ट्रे हातात धरून किशनराव गेटात राहिले.

दुपारी लिंबाजी परतला. तिथलीही केळ छाटून, जाळून, बुंध्यांना चुना लावून आला होता. प्रेमदास कुंपणावरून म्हणाले, "किशनराव, आता दिसून राहिलं बराबर साहेबाच्या बंगल्यावानी!"

राखलेल्या त्या एका पिल्लाला पुढं नवं पान फुटलं, लालच. किशनरावांनी मालनबाईंचं लुगडं पुन्हा मागून घेतलं. आता ते उन्हासाठी नाही. हट्ट्याची एसटी यायची वेळ झाली किंवा साहेबांची जीप दिसली, की ते केळीवर टाकतात.