धोंडूच्या घोडीचा तोबरा

धोंडू म्हापणकर आमच्या कुडाळकडचा. मुलुंड स्टेशनाबाहेरच्या टांग्यांच्या अड्ड्यावर त्याच्याइतका आखडू माणूस दुसरा नव्हता. बायको केली नाही, गावाकडे भावांशी पटलं नाही. होती ती एक तांबडी घोडी. तिच्या पाठीवर कधी माशी बसलेली दिसली तर धोंडू त्या माशीच्या सात पिढ्या उद्धरायचा.

अड्ड्यावर सात टांगे. कुणा शेटजीनं बांधलेल्या दगडी हौदावर सहा घोडी पाणी प्यायची. धोंडूची सातवी तिकडे जायची नाही. तिची बादली वेगळी, खरारा वेगळा, आणि हरभऱ्याची चंदी खायला तोंडाला बांधायचा तोबराही वेगळा. तो धोंडूनं स्वतः जाड किंतानाचा शिवला होता. दुसऱ्यानं कुणी भर दुपारी तोबरा मागितला तर धोंडू म्हणायचा, "माझी घोडी कोणाचा उष्टा खावची नाय, नि कोणाक घालूची नाय."

माणसांच्या उष्ट्याचं सोवळं लोकांनी पाहिलं होतं, घोडीच्या उष्ट्याचं हे नवंच. सगळे हसायचे. सहदेव पेडणेकर सगळ्यांत जास्त. एकदा त्यानं घोडीला नमस्कार करून, भटीणबाई, आज उपास काय, म्हणून विचारलं होतं. धोंडूनं त्याच्याशी महिनाभर बोलणं टाकलं.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात सहदेवच्या घोड्याचं नाक वाहायला लागलं. एकाच नाकपुडीतून, पिवळं, चिकट. सहदेवनं सर्दी म्हणून हळद-गूळ चारला आणि टांगा चालू ठेवला. पंधरवड्यात त्याच्या मागच्या पायावर माळेसारख्या गाठी आल्या, फुटल्या, आणि तेलासारखा पू गळायला लागला. तेव्हा सरकारी ढोर डाक्टर आला. नाकपुडी उघडून त्यानं आतले व्रण पाहिले आणि म्हणाला, शेंबा.

डाक्टर बोलका माणूस. त्यानं सगळ्यांना बसवून सांगितलं की हा जंतूंचा रोग आहे. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण नाकाच्या शेंबडात लाखांनी असतात. आजारी घोडं हौदात तोंड बुडवतं, शेंबूड पाण्यात उतरतो, पुढचं घोडं तोच घोट घेतं. जंतू घशातून रक्तात जातात, फुफ्फुसात गाठी करतात, आतून कुजवतात. वरून घोडं दोन-दोन महिने धडधाकट दिसतं. औषध नाही. सरकारचा कायदा एकच, गोळी. माणसालाही होतो, तेव्हा हात सांभाळा.

मग त्यानं सातही घोड्यांच्या खालच्या पापणीत सुई टोचली. मेलेल्या जंतूंचा अर्क असतो तो. ज्याच्या अंगात रोग त्याचा डोळा सुजतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तीन डोळे सुजले. त्यांत सहदेवच्या घोड्याचा. तांबडीचा डोळा स्वच्छ. डाक्टरनं सगळ्यांसमोर धोंडूच्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, याला हसत होतात ना, आता याच्याकडून शिका.

तेवढ्यानं भागलं असतं. पण मिठागरांच्या बाजूला तिन्ही घोडी पुरायचा खड्डा खणून व्हायला संध्याकाळ होणार होती, आणि दुपारी सहदेव धोंडूकडे आला. पहिल्यांदाच नीट बोलला. घोडं तर जाणार, घरात चार तोंडं, तेव्हा तुझी पाळी संपल्यावर संध्याकाळचा टांगा मला हाकू दे, म्हणाला.

धोंडू पडल्या पडल्या म्हणाला, "तुझ्या हाताक शेंबूड लागलो आसा. माझ्या लगामाक नको."

आणि कुशीवर वळून झोपला.

सहदेव कडुलिंबाला बांधलेल्या आपल्या घोड्याकडे गेला, त्याच्या नाकाखाली हात धरला, सावकाश परत आला. तांबडीचा तोबरा टांग्याच्या दांडीला लटकत होता. त्यात कोपरापर्यंत हात घालून त्यानं तळ पुसला, बाजू पुसल्या, शिवणीसुद्धा. अड्ड्यावर चार माणसं जागी होती. चौघांनी पाहिलं. एकानं विडी पेटवली. धोंडूला कोणी उठवलं नाही.

धोंडूनं उठून तोबऱ्यात चंदी भरली आणि तो आपल्या हातानं घोडीच्या तोंडाला बांधला.

तीन आठवड्यांनी डाक्टर पुन्हा आला. धोंडूनं घोडी सगळ्यांच्या पुढे नेऊन उभी केली. हिला टोचायचं ते शास्त्रापुरतं, म्हणाला. दुसऱ्या दिवशी तांबडीचा डोळा मुठीएवढा सुजला होता आणि कोपऱ्यातून पू गळत होता.

डाक्टर चिडला. हिनं कुणाबरोबर खाल्लं, ही कुणाबरोबर प्यायली, त्यानं विचारलं. कुणाबरोबर नाही, धोंडू म्हणाला. जंतू काय आकाशातून पडले, डाक्टर म्हणाला, आणि त्यानं सगळ्यांसमोर धोंडूला खोटारडा ठरवलं. चौघंजण जमिनीकडे बघत राहिले.

खड्ड्याच्या कडेला घोडी बुजली. चुन्याचा वास, त्यात एक डोळा बंद. दोन्ही बाजूंनी धरल्याशिवाय ती स्थिर राहीना. डोकं हललं तर गोळी जबड्यात जाते आणि जनावर तडफडतं, डाक्टरनं बजावलं. धोंडूनं आजूबाजूला पाहिलं. कोणी पुढे येईना. शेवटी त्यानं जन्मात पहिल्यांदा कुणाकडे तरी मदतीचा हात मागितला. सहदेव पुढे आला आणि दुसऱ्या बाजूचा दोर धरला.

दोघांच्या मध्ये घोडीचं डोकं. डाक्टर पिस्तूल भरत होता.

सहदेव हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी तू निजललंस तेव्हा तुझ्या तोबऱ्यात मियाच हात पुसलंय."

धोंडूचे दोन्ही हात दोरावर होते. सोडला असता तर घोडी उधळली असती. त्यानं सोडला नाही. उलट दोर आणखी जवळ घेतला, घोडीचं कपाळ आपल्या खांद्याला टेकवलं आणि डाक्टरकडे बघून मान हलवली. एका गोळीत काम झालं.

मग तिचं सामान खड्ड्यात टाकायचं होतं. बादली गेली, खरारा गेला. तोबरा धोंडूनं हातात ठेवला. तोंड फाकवून उन्हात धरला, शिवणीतून बोट फिरवून बघितलं. सहदेव तिथंच उभा होता. दोघंही वाकून आत बघत होते.

आत हरभऱ्याची चार टरफलं होती. दुसरं काही दिसलं नाही.