सेगुंदाच्या अंगातला ओकांते

कान्याबाक बेटावर घरं बायकाच बांधतात आणि घर बाईचंच असतं. त्यातही सेगुंदाचा हात असा, की तिने शाकारलेलं छप्पर दहा पावसाळे गळणार नाही. तोंड मात्र असं, की खालून गवताची पेंढी वाकडी आली तर देणारीच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

त्या सकाळी ती अपिलीच्या छपरावर बसली होती, तेवढ्यात किनाऱ्याला होडी लागली आणि तीतून अपिलीचा मुलगा ओकांते उतरला.

आणि ओकांते तर चार वर्षांपूर्वी मेलेला. तो आणि सेगुंदाचा एकुलता एक मुलगा तोमे, दोघं कुणाला न सांगता होडी घेऊन पळाले होते. मग ओकांतेचा लाल सदरा वाहत किनाऱ्याला लागला. पुढे एका मासेवाल्याने परमुलखातल्या झिगिंशोरच्या बाजारात आपल्या बेटाचा एक पोरगा दिसल्याचं सांगितलं. झालं, गावाचं शहाणपण लगेच धावलं. सदरा ओकांतेचा, म्हणजे बुडाला तो ओकांते आणि बाजारातला तो तोमे. आता पोरगा आईला एक निरोपही का धाडत नाही, हे कुणी विचारलं नाही. सेगुंदाने तर मुळीच नाही.

वयात येतानाची दीक्षा न होता मेलेल्या पोराला पितर आपल्यात घेत नाहीत. तो एखाद्या बाईच्या अंगात येतो आणि राहिलेली दीक्षा तिच्याकडून पुरी करून घेतो. सदरा सापडला आणि महिन्याभरात सेगुंदाच्या अंगात आलं. तेव्हापासून ती देवराईत जायची, पोरांसारखी लाकडी तलवार घेऊन नाचायची. अंगात आलं की सगळे तिला ओकांते म्हणत. अपिली तिला जवळ घेऊन पामतेलातला भात भरवायची. उतरल्यावर सेगुंदाला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नसे.

आणि आता तोच ओकांते दाढीमिशांसकट वाळूत उभा. अपिली धावत जाऊन त्याचा चेहरा चाचपू लागली. बायका एकदा त्याच्याकडे, एकदा छपराकडे बघू लागल्या.

"मग इतके दिवस हिच्या अंगात कोण येऊन जेवून गेलं?" म्हातारी पुजारीण म्हणाली. "सेगुंदा, खाली उतर. ढोंग केलंस का गं पितरांपुढे?"

सेगुंदा खाली उतरली. ढोंगी ठरली तर देवराईची वाट कायमची बंद. गावात तिच्या हातचं पाणीही कुणी पिणार नव्हतं.

"मी काही केलं नाही," ती म्हणाली. "ते आपसूक यायचं. माझ्या तोमेची शपथ."

ते नाव ऐकलं आणि ओकांते मटकन खाली बसला.

"मावशी, तो सदरा तोमेच्या अंगात होता. त्याला हुडहुडी भरली म्हणून मीच काढून त्याला घातला. होडी उलटली तेव्हा त्याचा हात धरला होता गं मी. सुटला."

"आणि चार वर्षं तोंड कुठं लपवलंस?" पुजारीण कडाडली.

"कुठल्या तोंडानं येणार होतो, आजी?"

सेगुंदाच्या पायाखालची वाळूच सरकली. म्हणजे चार वर्षं तिचाच तोमे येत होता, तिच्याच देहात. आणि साऱ्या गावाने त्याला दुसऱ्याच्या नावाने हाका मारल्या, दुसऱ्याच्या चुलीपाशी बसवलं. ती रडली नाही. रडायचं कसं असतं तेच तिला सुचेना. ती अपिलीसमोर जाऊन बसली.

"आक्का, तो आला की काय बोलायचा?"

अपिलीने मान फिरवली.

"सांग ना गं. मला काहीच ठाऊक नाही."

"आई कुठंय, म्हणून विचारायचा. दर खेपेला."

"मग तू काय सांगायचीस?"

"मी म्हणायची, ही काय, तुझ्यापुढंच बसलेय की रे, बाळा. तरी तो पुन्हा तेच विचारायचा."