मास्क गळ्यात, मी डब्यात

चहा घ्या आधी, गार होईल. माझी फजिती काही गार होत नाही. सांगून सांगून मीच दमलो, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

जानेवारीत आमच्या नोएडाच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकावर गेली होती. दरवर्षी जाते. मी बसच्या डिकीत वाकून पुरीभाजीची पाकिटं काढत होतो. कोणीतरी हाक मारली, मी ताडकन उठलो, आणि डिकीचं झाकण टाळक्यात!

स्कॅन स्वच्छ आला. पण महिने लोटले तरी डोकं दुखायचं थांबेना. उजेड नको, आवाज नको. कॉम्प्युटरसमोर दहा मिनिटं बसलो की अक्षरं पोहायला लागायची.

वर भेटेल त्याचा एकच विनोद. "काय हो, पानिपतात आणखी एक मराठा पडला म्हणे!" मी प्रत्येक वेळी हसलो. हसलं की डोकं जास्त दुखायचं.

डॉक्टर म्हणाले, विश्रांती. आमची मेधा म्हणाली, "अरे, फोन ठेव, दिवा बंद कर, तोंड मिट आणि पड." आता बायकोच्या सांगण्याला कोणी उपचार म्हणतं का?

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. रजा महिनाअखेर संपत होती. सरकारी नोकरी असली तरी फाइली हल्ली स्क्रीनवरच असतात. त्या वाचता आल्या नाहीत, तर मी तिथे जाऊन करणार काय?

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले साठे लिफ्टपाशी भेटले. त्यांच्या पायाची जुनी जखम एका काचेच्या नळकांड्यात झोपून भरून आली होती. "हायपरबॅरिक ऑक्सिजन! बिल्कुल सोपं. आत सगळा ऑक्सिजनच भरलेला. आपण नुसतं पडायचं यार!"

गुडगावात एक सेंटर सापडलं. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, डोक्याच्या माराला याने गुण येईलच असं नाही. एवढ्या लांब आलेला माणूस असलं काही मनावर घेतो का?

इथे नळकांडं नव्हतं. पाणबुडीसारखा लोखंडी डबा होता, आत सहा आरामखुर्च्या, गोल खिडक्या. तोमरजी नावाच्या टेक्निशियननी फोन काढून घेतला, मास्क चढवला, दार लावलं. दाब वाढला, कानाला दडे बसले. आणि मास्कचा पट्टा नेमका झाकण लागलेल्या जागी!

मी विचार केला, साठे म्हणालेच आहेत, सगळीकडे ऑक्सिजन आहे. हा मास्क विमानातल्यासारखा, वेळप्रसंगी लागला तर. दिला खाली सरकवून गळ्यात. उजेड नको म्हणून तोंडावर टॉवेल ओढला. तोमरजी खिडकीतून बघायचे, तर नळी टॉवेलखाली गेलेली. सब ठीक!

आणि काय सांगू, गुण आला हो! चौथ्या दिवशी डोकं हलकं. आठव्या दिवशी पेपरचं अख्खं पान वाचलं. मंडळात मी ऑक्सिजनवर भाषण ठोकलं. डॉक्टर नव्या पेशंटना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "इनसे पूछिए."

नवव्या दिवशी शेजारच्या खुर्चीतल्या भाटिया आंटींनी खरंच विचारलं. मी अनुभवी माणसाच्या थाटात म्हणालो, "मॅडम, मास्क उतार दीजिए. वो तो इमर्जन्सी के लिए है."

आंटींनी थेट स्पीकरवर हाक मारली. "भैया! ये अंकल कह रहे हैं, मास्क नहीं लगाना!"

गोल खिडकीत तोमरजींचा चेहरा आला.

"सर, आपने मास्क कब से नहीं लगाया?"

"पहले दिन से."

"सर, ऑक्सिजन तो मास्क में आता है!"

"फिर इस डिब्बे में क्या है?"

"हवा, सर. प्रेशर वाली हवा. फिल्टर की हुई."

नऊ दिवस! नोएडाहून गुडगावला रोज येऊन-जाऊन मी हवा खाऊन आलो होतो. बरं, दिल्लीत फिल्टर केलेली हवा हीसुद्धा चैनच, पण ती आमच्या हॉलमधल्या प्युरिफायरमध्येही होती. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या दिवसापासून माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नाही.

घरी मेधाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे रोज दीड तास फोन नाही, उजेड नाही, बडबड नाही. नुसता पडून होतास?"

"हो."

"मग मी वेगळं काय सांगितलं होतं? फक्त माझ्याकडे लोखंडी दार नव्हतं."

रजा संपली त्या दिवशी मी ऑफिसला गेलो. फाइली दिसतात आता, दुपारपर्यंत तरी.

आणि संध्याकाळी रोज दीड तास मी आमच्या स्टोअररूममध्ये, गव्हाच्या डब्याशेजारी सतरंजीवर. फोन मेधाकडे, कडी बाहेरून. मास्क लागत नाही, याची खात्री मी स्वतः नऊ दिवस करून घेतलेली आहे.