मिठाच्या बर्फातलं रक्त

दांडीच्या कोळीवाड्यातल्या गोदूबाई आमच्या बोईसरच्या जनावरांच्या दवाखान्यात पहिल्यांदा आल्या त्या १९८८ च्या जानेवारीत. मी तिथे कारकून होतो. मासळीच्या पाटीत घालून त्यांनी भुऱ्या नावाचा कुत्रा आणला होता. तो एकाच बाजूला गोल गोल फिरे, मध्येच फिट येऊन पडे. कुत्रा त्यांच्या मुलाचा, नवशाचा. नवशा दोन वर्षांपूर्वी वेरावळला ट्रॉलरवर गेला, तो परतला नव्हता. त्याच्या पत्रात आईची चौकशी एका ओळीत असे, भुऱ्याची चार ओळींत.

डॉक्टरांना मेंदूत गाठ असल्याचा संशय आला. मुंबईतले एक संशोधक तेव्हा कुत्र्या-मांजरांच्या अशा गाठींवर काम करत होते. गाठ असली की रक्तात एखादं द्रव्य वाढतं का, हे ते तपासत. यातून औषध मिळणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाईंना ते चालणार होतं. गाठ आहे एवढं नक्की कळलं, तर नवशाला ‘लगेच ये’ असं कळवता येईल, हीच त्यांची आशा.

बाई मासळी घेऊन दादरला जातच. रक्ताची बाटली त्यांच्याकडेच दिली आणि मी बजावलं, बर्फात ठेवा. त्यांनी ठेवली, पापलेटाच्या पेटीत, बर्फावर मूठभर मीठ टाकून, मासळीसाठी रोज टाकतात तसं. मिठाने बर्फ आणखी गार होतो. रक्ताचा दगड झाला, वितळल्यावर नुसतं लाल पाणी. तपासणी होईना.

“मासळीला चालतं ते रगताला नाय चालत, मला काय ठावं?” बाई म्हणाल्या. चूक खरं तर माझी. मीठ नको, हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्यांदा रक्त काढण्याआधीच भुऱ्या गेला. संशोधकांना निदान मेंदू हवा होता. शेजारणींनी टोमणे मारले, “कुतऱ्याचं डोकं कापाया देतंस, गोदू?” बाईंनी दिलं. एकदा आपल्या हातून बिघडलंय, म्हणाल्या. आठवड्याने उत्तर आलं. गाठ होती, बोराएवढी.

ते ऐकून त्या पत्र लिहून घ्यायला माझ्या टेबलाशी बसल्या. मी तारीख घातली, ‘भुऱ्या’ इथवर लिहिलं आणि थांबलो.

“लिवा भाऊ,” त्या म्हणाल्या, “भुऱ्या बरा हाय. रोज बंदरावर जाऊन तुझी वाट बघतो. शिमग्याला ये.”

मी तसंच लिहिलं आणि त्याच दिवशीच्या टपालात टाकलं. शिमग्याला तेवीस दिवस होते.