कामाचा वास

त्याला सगळे आरसा म्हणत. लाकडाला पॉलिश चढवावं तर त्यानंच. त्याच्या हातचं टेबल असलं की वाकणाऱ्याला त्यात आपल्या मिशीचा केस न् केस दिसायचा. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे, मलमलीच्या फडक्यात कापसाचा बोळा बांधायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचा. हात मध्येच थांबला की डाग पडलाच म्हणून समजा. दिवसभर असं केल्यावर अंगाला, कपड्यांना, डोक्याच्या केसांनाही स्पिरिटचा वास यायचा.

त्या वासाच्या आडोशाला बसून आरशानं कैक वर्षं दारू प्यायली.

"प्यायलात ना?" बायको दारातच विचारायची.

"कामाचा वास आहे गं. रोज काय तेच तेच!"

सुरुवातीला तिला ते पटायचं. नंतर पटेनासं झालं, पण ह्याचं वाक्य काही बदललं नाही. शेजारणीनं दिलेली कसलीशी पुडी तिनं गुपचूप चहात घालून पाहिली. दारू राहिली बाजूला, हा पोट धरून संडासात मुक्कामाला गेला. एकदा त्यानं आपणहून मनावर घेतलं, "आजपासून बंद" म्हणून खोलीचं दार लावून बसला. दुसऱ्या दिवशी अंगाला कापरं भरलं, भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकायला लागला. घाबरून शेवटी बायकोच बाटली घेऊन आली. आपण आपल्या हातानं आणून दिली, हे तिला फार लागलं.

आणि मग एका संध्याकाळी तो लेकीला शाळेतून आणायला विसरला. शाळेतली शिपाईणबाई पोरीला घेऊन पायरीवर बसून राहिली होती. "काम होतं," एवढंच तो म्हणाला. बायको भांडली नाही. लेकीचे कपडे पिशवीत भरले आणि भावाकडे निघून गेली.

भाऊ टेलर. दुसऱ्या दिवशी तोच दारात हजर. "दाजी, माप चुकलं तर मी उसवून परत शिवतो. तुम्हाला कुठून उसवायचं तेच कळेना. चला, उसवणाऱ्याकडे नेतो."

"तुझी ताई काय म्हणाली?"

"शपथा नकोत म्हणाली. आधी औषध, मग बघू."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आवाजानं खणखणीत होत्या. भिंतीवरच्या मुंग्यांची गोष्ट ऐकून त्यांनी त्याला चांगलंच झापलं. "एवढ्या वर्षांची दारू घरच्या घरी एकदम तोडायची नसते. जिवावर बेतलं असतं." त्याला वॉर्डात ठेवून घेतलं, सलाईन लावलं, हळूहळू कापरं उतरवलं. घरी जाताना त्यांनी समजावलं की पुढं गोळ्या आहेत, समुपदेशन आहे, दारू सोडलेल्यांचा गट आहे. "एक वाट जमली नाही तर दुसरी धरू. पण मला न विचारता काही बंद करायचं नाही." गोळी अशी दिली की दारूचा घोट गेला तर अंगच बंड करून उठेल. "खोकल्याचं औषध, सेंट, सगळं जपून. काम काय करता?"

"फर्निचरचं."

खोटं तो बोललाच नाही. त्याच्या लेखी स्पिरिट म्हणजे दारू नव्हतीच, ते अवजार होतं, रंधा-पटाशीसारखं. कामाच्या डब्याला आपण कधी तोंड लावलं नाही, याचा तर त्याला अभिमान होता.

घरी घर राहिलं नव्हतं. संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली की तो दाराकडे बघायचा. पावलं वरच्या मजल्यावर जायची. नळाखाली एकच ताट धुताना त्याला वाटायचं, तिनं आता विचारावं. दारात उभं राहून, कपाळाला आठ्या घालून, रोजच्यासारखं तेच विचारावं.

मेहुण्यानं निरोप आणला, रविवारी माय-लेकी बघायला येणार. आरसा हरखून गेला. लेकीचं अभ्यासाचं टेबल कळकट झालं होतं. रविवारी सकाळीच त्यानं ते घासून घेतलं, ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावल्या आणि बोळा फिरवायला बसला.

माय-लेकी मामाबरोबर आल्या, तेव्हा त्याचं तोंड लालबुंद झालं होतं, डोळे तांबारले होते, छाती धाडधाड उडत होती आणि तो मोरीत ओकत होता. खोलीभर स्पिरिट.

"अगं, कामाचा वास आहे," तो कसाबसा म्हणाला.

बायकोनं लेकीचा हात धरला आणि जिना उतरली.

मेहुणा मात्र थांबला. दाजींना धड उभंही राहवेना, म्हणून रिक्षात घालून त्यानं दवाखाना गाठला.

"तुम्ही सुतार ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पॉलिश करतो."

"कशानं?"

"लाख न् स्पिरिट."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, ती दारूच! वाफेतून जाते, कातडीतून जाते. आणि खिडक्या लावून बसलात?"

"आईशप्पथ, तोंड लावलं नाही."

"ते कळलं मला. मीही खोदून विचारायला हवं होतं." ती गोळी बंद झाली. दारूची ओढ कमी करणारी दुसरी आली, आठवड्याला समुपदेशन आलं, गुरुवारी दारू सोडलेल्यांचा गट आला. स्पिरिटपासून लांबच राहा, तो वासच तुम्हाला ओढून नेईल, असंही त्यांनी बजावलं.

आरसा तेला-मेणाच्या पॉलिशवर आला. लाकूड तुकतुकीत व्हायचं, पण त्यात चेहरा दिसायचा नाही. गिऱ्हाईक नावाजायचं, हा मात्र वाकून बघायचा आणि फडकं खाली ठेवायचा.

मेहुण्यानं सगळी हकीकत बहिणीला सांगितली. ती म्हणाली, "डॉक्टरांचं खरं असेल. पण डॉक्टरांनी माझ्या दारात उभं राहून ते वाक्य ऐकलंय का?"

तरी समुपदेशनाला ती आली. मध्ये एक खुर्ची सोडून बसली. "तुम्हाला काय हवंय?" समुपदेशकानं विचारलं.

"ह्यांना औषध मिळालं," ती म्हणाली. "ह्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायची माझी सवय मोडलीय. त्यावर काही औषध असलं तर सांगा."

आरशानं मान खाली घातली. वर्षानुवर्षं आपण ते वाक्य उधळलं, आणि ज्या दिवशी ते खरं होतं त्या दिवशी आपल्याकडे दुसरं नव्हतं, हे त्याला तिथं कळलं.

घरच्या माणसांचाही गट असतो, समुपदेशक म्हणाला, ह्याच इमारतीत. गुरुवारी ह्यांचा गट बसतो तेव्हाच, शेजारच्या खोलीत.

गुरुवारी ती आली. भिंतीपलीकडून बायकांच्या आवाजात तिचा आवाज ओळखू येतो का, ते आरसा ऐकत राहिला. एकदा सगळ्या हसल्या, त्यात तीही असावी. तिचं हसणं ऐकून किती काळ लोटला होता, त्याला आठवेना.

नंतर दोघं बसथांब्यापर्यंत चालत गेली. घरी चल, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. भावाच्या घराकडे जाणारी बस आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि बस हलता हलता बाहेर वाकून म्हणाली,

"पुढच्या गुरुवारी जेवून येऊ नका. डबा आणते."