चार नंबरचा आवाज

बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवायचे. पेटीचा भाता फाटका होता, त्यामुळे तिचा सूर जरा उशिरा, दम घेऊन यायचा. ते गेल्यावर नाटक मंडळीने मला कीबोर्ड दिला आणि त्यांच्या जागी बसवलं.

त्या कीबोर्डात आपला आवाज बनवून ठेवता येत असे. चामोर्शीच्या घरी मी बटणं दाबत बसायचो. सूर किती सावकाश चढावा, किती थरथरावा, बोट उचलल्यावर कसा विरावा, हे ठरवत ठरवत बाबांच्या पेटीचा आवाज जुळवला आणि चार नंबरवर साठवला. मंडळीतले म्हणाले, हा गाण्याच्या मागं पडते. पडू दे, म्हटलं. आई मात्र रोज संध्याकाळी म्हणायची, "तुह्या बाबाचा लाव."

होळीनंतर नाटकं संपली. एका दुपारी शेतावरून आलो तर कीबोर्डचे सगळे सेल अंगणात ओळीने ठेवलेले.

"आवाज बारीक येऊन राह्यला होता," आई म्हणाली. "म्हणून उन्हात घातले."

टॉर्चचे सेलही ती असेच वाळवायची. पण साठवलेला आवाज त्या सेलवरच टिकून होता, हे तिला कुठून माहीत असणार. सेल परत बसवून मी चार नंबर दाबला. कंपनीचा कोरा, ताठ आवाज निघाला.

आई दारात बसून वाट पाहत होती. मी बोटंच जरा उशिरा, दबकत टाकत गेलो.

"आता बरोबर आला," ती डोळे मिटून म्हणाली. "त्याले ऊनच पाह्यजे होतं."